पंचेचाळीस अंशांवरचे तेल : हौशी विमानातील रोटरी इंजिन आणि भंडाऱ्याचा मे महिना

इंजिनातील तेलाकडे सामान्यतः वंगण म्हणून पाहिले जाते; एकमेकांवर घासणाऱ्या धातूंच्या मध्ये पातळ थर धरून ठेवणे हे त्याचे काम आणि उष्णता वाहून नेणे हे पाण्याचे किंवा वाऱ्याचे काम, अशी विभागणी गृहीत धरली जाते. रोटरी इंजिनात ही विभागणी टिकत नाही. या इंजिनाचा मुख्य फिरता भाग पाण्याच्या आवाक्याबाहेर असतो, त्याच्या पोटातली उष्णता बाहेर आणण्याचे काम बहुतेक रचनांमध्ये तेलालाच करावे लागते, आणि त्यामुळे तेल कसे थंड करायचे या प्रश्नावर इंजिनाचे आयुष्य आणि वैमानिकाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अवलंबून राहतात. स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये, विशेषतः अमेरिकेत, मोटारीचे रोटरी इंजिन विमानात बसवण्याची परंपरा काही दशकांची आहे आणि तिच्यातून तेल थंड करण्याचे अनेक पर्याय पुढे आले आहेत. मात्र विमानशास्त्रातील प्रमाण वातावरण समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरते, आणि भंडारा जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांना भिडतो. या तीस अंशांच्या फरकात कोणता पर्याय तग धरतो आणि कोणता कोलमडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भंडारा आणि विमान यांची सांगड वरवर पाहता अनपेक्षित वाटते. तलावांचा, धानाचा आणि पितळी भांड्यांचा जिल्हा अशीच त्याची ओळख आहे. तथापि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत बिरसीची धावपट्टी भंडारा जिल्ह्यातच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर पुढे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि तेथे डायमंड कंपनीच्या डीए-४० आणि डीए-४२ या विमानांवर वैमानिक तयार होऊ लागले. याच डायमंड कंपनीच्या परिवारातील ऑस्ट्रो इंजिन ही संस्था एकाच रोटरचे एक छोटे इंजिन बनवते आणि ते मोटर बसवलेल्या ग्लायडरांत व वैमानिकरहित विमानांत वापरले जाते. म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील तापलेली हवा आणि रोटरी इंजिनाचे घराणे यांच्यातील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

एक नाव, दोन यंत्रे

‘रोटरी’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळी यंत्रे ओळखली जातात, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. पहिल्या महायुद्धातील रोटरी इंजिनात मधला दांडा विमानाला घट्ट बसवलेला असे आणि त्याच्याभोवती सगळे सिलिंडर पंख्यासारखे गरगर फिरत. सेगाँ बंधूंनी १९०८-०९ च्या सुमारास फ्रान्समध्ये आणलेले नोम इंजिन हे या जातीचे प्रसिद्ध उदाहरण होय. सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानातही अशाच जातीचे इंजिन असे, आणि रॉयल फ्लाइंग कोअरच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक यांनी ते विमान उडवले होते. या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल वापरत, कारण एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. सिलिंडर स्वतःच वाऱ्यात फिरत असल्याने ते आपोआप थंड होत, आणि तेल तर थंड करण्याचा प्रश्नच नसे, कारण एकदा इंजिनातून गेलेले एरंडेल परत गोळा न होता धुराबरोबर बाहेर फेकले जाई. तेल थंड करण्याऐवजी टाकून देणे, हा या प्रश्नावरचा विमानविद्येतील सर्वांत जुना तोडगा म्हणता येईल.

आज हौशी विमानबांधणीत ज्याला रोटरी म्हणतात ते इंजिन जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आले. एनएसयू या कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना चालला आणि १९६७ साली जपानच्या माझदा कंपनीने दोन रोटरांचे इंजिन असलेली कॉस्मो ही मोटार बाजारात आणली. या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नसतो. कंबरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर आपली तीन टोके सतत भिंतीला टेकवत फिरतो, आणि त्याच्या तीन बाजू व भिंत यांच्यामधल्या जागा लहानमोठ्या होत असताना हवा आत घेणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही चारही कामे उरकली जातात. मधला विकेंद्री दांडा तीन फेरे घेतो तेव्हा रोटरचा एक फेरा पुरा होतो. हौशी विमानांत सर्वाधिक वापरले गेलेले माझदाचे १३बी हे इंजिन ६५४ घनसेंटिमीटरच्या दोन कक्षांचे, म्हणजे एकूण १३०८ घनसेंटिमीटरचे आहे. आकाराने ते एखाद्या पिंपाएवढे असते आणि त्यातून दीडशे-पावणेदोनशे अश्वशक्ती सहज मिळते.

रोटरच्या पोटातले तेल

या रचनेत उष्णतेची वाटणी विषम असते. ज्वलन नेहमी पोकळीच्या एकाच बाजूला होते आणि थंड हवा नेहमी दुसऱ्या बाजूने आत येते, त्यामुळे बाहेरच्या कवचाची एक बाजू कायम तापलेली राहते. परंतु कवच स्थिर असल्याने त्यात पाण्याच्या वाटा कोरून ती उष्णता काढून घेता येते. रोटरला ही सोय नाही. तो अधांतरी फिरत असतो, त्याची प्रत्येक बाजू पाळीपाळीने आगीला सामोरी जाते, आणि फिरत्या भागात पाणी नेऊन परत आणणे व्यवहारात जमत नाही. म्हणून माझदाच्या इंजिनात विकेंद्री दांड्यातूनच तेलाच्या बारीक धारा पोकळ रोटरच्या आत सोडलेल्या असतात. रोटरच्या गतीमुळे हे तेल, घुसळणीतील ताकासारखे, आतल्या भिंतींवर आदळते, उष्णता घेते आणि खाली तेलपात्रात परतते. दंडगोलाच्या पिस्टन इंजिनात तेलाकडे उष्णतेचा लहान हिस्सा येतो. रोटरीत मात्र शीतनासाठी जी उष्णता बाहेर काढावी लागते तिचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या तेलाला वाहावा लागतो. तेवढ्याच अश्वशक्तीच्या विमानी पिस्टन इंजिनासाठी बनवलेला ऑइल कूलर रोटरीला अपुरा पडतो, याचे कारण हेच आहे.

हा हिस्सा किती मोठा आहे हे ढोबळ हिशेबाने पाहता येते. इंजिन १६० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १२० किलोवॉट देत आहे आणि इंधनातील ऊर्जेपैकी पाव भाग दांड्यावर मिळतो असे धरले, तर इंधनातून ४८० किलोवॉट ऊर्जा येत असते. त्यातील निम्मी धुराड्यावाटे जाते आणि उरलेला पाव भाग, म्हणजे पुन्हा १२० किलोवॉट, पाणी आणि तेल यांच्या माथी येतो. तेलाचा तिसरा हिस्सा ४० किलोवॉट होतो, म्हणजे घरातील दोन किलोवॉटचे वीस गीझर एकाच वेळी चालवल्याइतकी उष्णता. पाण्याच्या तुलनेत तेलाची उष्णता सामावून घेण्याची क्षमता निम्मी आणि उष्णतावाहकता जेमतेम चतुर्थांश असल्याने हे काम आणखी अवघड होते. कूलरमध्ये तेलाचे तापमान २५ अंशांनी उतरवायचे तर मिनिटाला पन्नासहून अधिक लिटर तेल त्यातून फिरवावे लागते. इंजिनात शिरणारे तेल १०० अंशांच्या आत राहावे हा अनुभवी मंडळींचा दंडक आहे, कारण त्यापुढे तेल पातळ होते आणि रोटरच्या कडांवरील तेल अडवणाऱ्या रबरी कड्या लवकर कडक होऊन गळू लागतात.

चार पर्याय

पहिला आणि सर्वाधिक रूढ पर्याय म्हणजे हवेने थंड होणारा ऑइल कूलर. यात तेल चपट्या नळ्यांतून जाते, नळ्यांना पातळ पात्यांची जाळी चिकटवलेली असते आणि त्या जाळीतून वारा वाहतो. माझदाच्या आरएक्स-७ मोटारीचा मूळ कूलर यासाठी चांगला समजला जातो, कारण तो याच इंजिनाच्या तेलासाठी आखलेला आहे आणि त्यात तेलाचा दाब फारसा घटत नाही. काहीजण शर्यतीच्या मोटारींचे लहान कूलर जोडीने लावतात. ते समांतर जोडले तर दाब कमी घटतो, पण दोहोंपैकी ज्यात तेल थोडे जास्त गार आणि म्हणून दाट होते, त्याकडे प्रवाह आणखी कमी जाऊ लागतो आणि एक कूलर नुसता शोभेचा उरतो. एकापाठोपाठ एक जोडले तर दोन्ही कामाला लागतात, मात्र दाबाची घट बेरजेने वाढते. पदरचा खर्च वाचवण्यासाठी मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातील थंड जाळी वापरण्याचीही पद्धत आहे. पाण्यासाठी ती चांगली चालते, परंतु माझदाच्या इंजिनात पंपातून निघालेले तेल आधी कूलरमध्ये आणि मग फिल्टरमध्ये जाते, त्यामुळे पहाटेच्या गार, दाट तेलाचा सात किलोंहून अधिक दाब आधी कूलरलाच सोसावा लागतो, आणि तेवढ्या दाबाला तपासून न पाहिलेली जाळी तेथे बसवणे धोक्याचे ठरते.

भंडाऱ्याच्या वाचकाला येथे एक प्रश्न सहज सुचेल. पितळ आणि तांबे ठोकण्यात पिढ्या घालवलेल्या या गावात जुन्या ट्रकांचे पितळी रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर असताना कूलर पितळेचाच का करू नये? तांबे ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट उष्णतावाहक असले, तरी पितळेत जस्त मिसळले की ती सरशी संपते आणि पितळ ॲल्युमिनियमच्या मागे पडते. शिवाय पितळेचे वजन आकारमानाच्या मानाने ॲल्युमिनियमच्या तिप्पट असते, आणि नाकाशी वाढलेला प्रत्येक किलो विमानाचा तोल बिघडवतो. त्यामुळे जमिनीवर शहाणपणाचा असलेला धातू हवेत मागे पडतो.

दुसरा पर्याय तेलाची उष्णता पाण्याला देण्याचा. एका डब्यात तेल आणि इंजिनाचे पाणी वेगवेगळ्या वाटांनी एकमेकांना लागून वाहतात आणि मग सगळी उष्णता एकाच मोठ्या रेडिएटरने बाहेर टाकली जाते. जुन्या आरएक्स-७ च्या काही आवृत्त्यांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा असा डबा फिल्टरच्या खाली बसवलेला असे. या रचनेत हिवाळ्याच्या पहाटे पाणी तेलाला लवकर गरम करते आणि वाऱ्यासाठी एकच तोंड पुरते. उन्हाळ्यात मात्र तिची उणीव उघडी पडते. पाणी ८५ अंशांवर असेल तर बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेशी त्याचा फरक ४० अंशांचाच राहतो, तर ९५ अंशांचे तेल थेट हवेला भेटले असते तर तो फरक ५० अंशांचा मिळाला असता; शिवाय ८० किलोवॉटऐवजी १२० किलोवॉट एकट्या रेडिएटरच्या गळ्यात पडल्याने त्याचा आकार दीडपट करावा लागतो.

तिसरा पर्याय रोटर तेलाऐवजी हवेने थंड करण्याचा. ब्रिटनमध्ये बीएसए व नंतर नॉर्टन या मोटारसायकल कंपन्यांत डेव्हिड गारसाइड यांनी तो विकसित केला. इंजिनात जाणारी हवा आधी रोटरच्या पोटातून फिरवायची आणि मग जाळायची, अशी ही युक्ती होती. या रचनेत तेल थोडेथोडे सोडले जाते आणि जळून जाते, म्हणजे एरंडेलाचा जुना तोडगा नव्या रूपात परत येतो आणि ऑइल कूलरची गरजच उरत नाही. वजन वाचत असल्याने वैमानिकरहित विमानांच्या छोट्या इंजिनांत ही पद्धत रुजली. तिची किंमत शक्तीत मोजावी लागते, कारण तापलेली हवा विरळ असते. आत घेतलेली हवा रोटरने ४० अंशांनी तापवली तर ४५ अंशांच्या दिवशी तिची घनता सुमारे ११ टक्क्यांनी घटते, आणि गारसाइड यांनी तिला ज्वलनापूर्वी एका मोठ्या पोकळीतून फिरवून थोडे निववले होते ते यासाठीच. ज्या प्रदेशात बाहेरची हवा आधीच तापलेली असते तेथे हा पर्याय दुहेरी दंड भरतो.

चौथा पर्याय पूरक स्वरूपाचा आहे आणि तो विदर्भातील घराघरांत ओळखीचा आहे. अमेरिकेतील शर्यतीची विमाने रेडिएटरच्या जाळीवर पाण्याचा बारीक फवारा मारत. मार्च लागताच भंडाऱ्याच्या खिडक्यांत बसणारा कूलर नेमके याच तत्त्वावर चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी पूर्णपणे उडवता आले तर सुमारे ३८ किलोवॉट उष्णता निघून जाते, आणि वर काढलेला तेलाचा हिस्सा ४० किलोवॉटचाच होता. प्रत्यक्षात सगळे पाणी जाळीवर उडत नाही, बरेचसे वाऱ्याबरोबर निसटते. तरीही पाच मिनिटांच्या चढाईसाठी दहा लिटरची टाकी हा विचार करण्याजोगा सौदा आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो फायद्याचा आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कमी उपयोगाचा, पण पावसाळ्यात त्याची गरजही कमीच पडते.

कूलर आणि वाऱ्याची वाट

कोणताही पर्याय निवडला तरी भंडाऱ्याचा मे महिना त्याच्याकडून तीन ठिकाणी वसुली करतो. पहिली वसुली तापमानाच्या फरकाची : ९५ अंशांच्या तेलाला १५ अंशांची हवा मिळाली तर फरक ८० अंशांचा असतो, ४५ अंशांच्या हवेत तो ५० उरतो. दुसरी घनतेची : तीच हवा १५ अंशांच्या मानाने नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. या दोन्हींचा गुणाकार केला तर जो कूलर परदेशी कोष्टकात १०० घटक उष्णता फेकतो तो येथे साठहून कमीच फेकतो. तिसरी वसुली वेगाची आहे आणि तीच सर्वांत निर्दय आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ताशी २९५ किलोमीटरने सरळ उडताना कूलरला जो दाब मिळतो, त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी दाब ताशी १६५ किलोमीटरने चढताना मिळतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन पूर्ण शक्तीवर असते. त्यामुळे कूलरची परीक्षा उड्डाणानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत होते आणि सरासरी प्रवासाचे आकडे तिला काही मदत करत नाहीत.

म्हणूनच या विद्येतील जाणकार कूलरच्या आकारापेक्षा त्याच्यापर्यंत येणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर अधिक वेळ घालवतात. जाळीत वारा सुसाट शिरला तर त्याचा दाब घर्षणात वाया जातो. म्हणून लहान तोंडातून आत आलेली हवा हळूहळू रुंदावणाऱ्या नळकांड्यात मंदावू द्यावी लागते, म्हणजे तिचा वेग घटून दाब वाढतो आणि ती जाळीच्या सर्व भागांतून सारखी जाते. भिंती एकदम रुंद केल्या तर हवा त्यांना सोडून देते, मध्ये भोवरे उठतात आणि अर्धी जाळी कोरडीच राहते. बाहेर पडणाऱ्या हवेलाही वाट मोकळी हवी, आणि ती वाट विमानाच्या पृष्ठभागावर जेथे दाब कमी असतो तेथे उघडायला हवी. ब्रिटनच्या फ्रेडरिक मेरेडिथ यांनी १९३५ साली दाखवून दिले की ही वाट नीट आखली तर तापून प्रसरण पावलेली हवा मागे जोराने बाहेर पडते आणि कूलरने निर्माण केलेल्या अडथळ्याचा काही भाग भरून निघतो. स्पिटफायर आणि मस्टँग या विमानांच्या रेडिएटरांत त्या सूत्राचा वापर झाला.

महाराष्ट्रातील धागा

रोटरी इंजिन विमानात चालवण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक प्रयत्न अहिल्यानगर, तेव्हाच्या अहमदनगर, येथील वाहन संशोधन व विकास संस्थेत झाला. संरक्षण संशोधन संघटनेच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानात आयात केलेले इंजिन होते. त्याच्या जागी देशी वांकेल इंजिन आणण्यासाठी बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, तेथीलच वैमानिकी विकास संस्था आणि अहमदनगरची संस्था एकत्र आल्या. सुमारे ३० किलो वजनाच्या आणि ५५ अश्वशक्तीच्या या इंजिनाने २००९ साली कोलारजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातील एका सोडून दिलेल्या धावपट्टीच्या परिसरात पहिले उड्डाण केले. विमान सुमारे १.८ किलोमीटर उंचीवर गेले आणि चाळीसेक मिनिटांनी सुखरूप उतरले. कामाची वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. इंधन आणि ठिणगी यांची व्यवस्था अहमदनगरने केली, तर विशेष ॲल्युमिनियमचे ओतकाम आणि कक्षाच्या आतल्या भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप प्रयोगशाळेने विकसित केला. रोटरची टोके ज्या भिंतीवर अखंड घासतात तिला उष्णता आणि घर्षण एकाच वेळी सोसता यावे, यासाठी हा लेप लागतो. म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतही या इंजिनाचा अवघड प्रश्न उष्णतेभोवतीच फिरत होता.

हौशी विमानबांधणीचा धागाही राज्यात आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. विमान घरी बांधता येते हे त्यातून दिसले. ते विदर्भाच्या उन्हात चालवायचे तर शीतनाची जबाबदारीही बांधणाऱ्याचीच राहते, कारण कारखान्याने तपासून दिलेली कोष्टके त्याच्या हाती नसतात.

चार तापमापक

ही उणीव भरून काढणारे साधन स्वस्त आहे. कूलरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या तेलात एकेक, तसेच जाळीच्या पुढे आणि मागे हवेत एकेक, असे चार तापमापक बसवले की दोष कोठे आहे हे कूलर स्वतःच सांगू लागतो. मागून निघणारी हवा तेलाइतकीच तापलेली असेल, तर तिने घेता येईल तेवढी उष्णता घेतली आहे आणि वाराच अपुरा आहे. अशा वेळी मोठा कूलर बसवण्याऐवजी वाऱ्याची वाट सुधारावी लागते. मागची हवा जेमतेम कोमट असेल, तर वारा भरपूर आहे पण तो जाळीला वळसा घालून जातो आहे किंवा तेलच कूलरमधून पुरेसे फिरत नाही. अशा वेळी फटी बुजवाव्या लागतात, नळ्या आणि झडपा तपासाव्या लागतात. माझदाच्या दांड्यात पुढच्या टोकाला तापमानावर चालणारी एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती रोटरकडे जाणाऱ्या तेलाच्या धारा रोखते आणि तेल तापल्यावर त्या सुरू करते. ती गार इंजिनाच्या स्थितीतच अडकली तर कूलर कितीही मोठा असला तरी रोटर तापतच राहतो, आणि तेल रोटरपर्यंत पोहोचतच नसल्याने तापमापक उलट समाधानकारक आकडा दाखवू शकतो. म्हणून बहुतेक बांधणारे ती काढून तेथे भरीव तुकडा बसवतात आणि उड्डाणापूर्वी इंजिन नीट गरम होऊ देतात.

भंडाऱ्याच्या उन्हापुरता निष्कर्ष असा निघतो की हवेने थंड होणारा भरघोस ऑइल कूलर, त्याच्यासाठी स्वतंत्र आणि हळूहळू रुंदावणारी वाट, उतरताना तेल जास्त गार होऊ नये म्हणून बाहेरच्या तोंडाशी उघडझाप करणारे झाकण, आणि मे महिन्यापुरता पाण्याचा फवारा, ही जोडणी इतर पर्यायांपेक्षा अधिक भरवशाची आहे. तिची खरी चाचणी डिसेंबरच्या सकाळी होऊ शकत नाही. मे महिन्यातील दुपारी तीन वाजता, तापलेल्या धावपट्टीवर दहा मिनिटे वाट पाहून, पूर्ण शक्तीवर आणि कमी वेगाने चढताना तेलाचा काटा १०० अंशांच्या अलीकडे स्थिरावला, तरच त्या विमानातील तेल थंड करण्याचा प्रश्न सुटला असे म्हणता येईल.